लूमच्या शेडमधला घाट

सोलापुरात खोली बघायला गेले तेव्हा मालकांनी मला नेहमीचं काहीच विचारलं नाही. गाव कुठलं, एकट्याच राहणार का, पाहुणे किती येतात, काही नाही. ते ओसरीवर चादरींच्या गठ्ठ्याला टेकून बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "घाट बघितलाय का तुमी?"

मला वाटलं तळ्याचा घाट. मी म्हटलं, आजच अकलूजहून आलेय, तळ्यावर अजून गेले नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग लहान मुलाला समजावतात तसं सांगितलं की घाट म्हणजे बोरघाट, रेल्वेचा, कर्जत ते लोणावळा. मी खरं ते सांगितलं. कॉलेजला असताना मुंबईला बऱ्याचदा गेले होते, पण रात्रीच्या गाडीने. घाट आला कधी नि गेला कधी, ते झोपेत कळलं नाही.

ते वळून आत बायकोला कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि ती मोठ्याने हसली. खोली मला मिळाली. काय बोलले ते अक्कांनी, म्हणजे मालकीणबाईंनी, पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ते म्हणाले होते, "हिनं झोपेत घाट ओलांडलाय. राहू दे, सुधारेल."

मालकांचं चादरी-टॉवेलचं दुकान होतं. भवानी पेठेतल्या घरामागे त्यांच्या वडिलांची लूमची शेड होती. माग बंद पडले, विकले गेले, शेड उरली. जमिनीत मागांचे पाय आवळायचे बोल्ट मात्र तसेच वर आलेले होते. मालकांनी त्याच बोल्टांवर लाकडी घोडे बसवले, घोड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर बोरघाट. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचा. रूळ, बोगदे, पूल, सिग्नल, सगळं. मी राहायला गेले तेव्हा घाट निम्मा झाला होता. उरलेला निम्मा दुकानातल्या खाकी कागदांवर पेन्सिलीने काढून भिंतीला टाचलेला होता.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी गवंड्याची छोटी पाणसळ असायची. कुठेही बसले की ती काढून समोरच्या वस्तूवर ठेवायची आणि आतला बुडबुडा कुठे थांबतो ते बघायचं. दुकानाचा काउंटर, बँकेतलं टेबल, व्याह्यांच्या घरचा पाट. माझ्या खोलीत पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चहा गार झाला, पण माझी ओट्याची फरशी कुठे उतरते ते त्यांनी शोधून काढलं. जेवताना आमटीचं ताट एका बाजूने बोटभर उचलून धरायचे आणि म्हणायचे, "एवढाच चढ. डोळ्याला दिसतोय का? पण इंजिनाचा घाम काढतोय."

बोरघाटाचा चढ सदतिसास एक. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. हे वाक्य ते इतकं बोलायचे की पेठेतली पोरं त्यांना सदतीस काका म्हणायची. त्याचं त्यांना काही वाटत नसे. कुणी विचारलं, धंदा कसा काय, तर म्हणायचे, "सदतिसास एक." म्हणजे चढ आहे, पण चढतोय.

शेड लांब असली तरी त्यात अख्खा घाट मावणं शक्य नव्हतं. काय घ्यायचं आणि काय सोडायचं, यावर त्यांची वर्षं गेली होती. शेवटी त्यांनी कर्जतही सोडलं आणि लोणावळाही सोडलं. फक्त मधला डोंगर ठेवला. एकदा पुण्याहून छोट्या रेल्वेचा छंद असलेले एक गृहस्थ बघायला आले. त्यांनी विचारलं, स्टेशनच नाही, मग गाडी येते कुठून आणि जाते कुठं? मालक म्हणाले, "बोगद्यातनं येते, बोगद्यात जाते. मधी घाट हाय की."

त्या गृहस्थांनी चांगल्या मनाने सुचवलं की चढ थोडा वाढवला तर डोंगर उंच दिसेल, जागाही वाचेल. एवढ्या लहान रेल्वेत कुणाला कळणार? मालकांनी त्यांना पोटभर जेवू घातलं, शेंगाचटणीचा पुडा बांधून दिला, आणि ते गेल्यावर मला म्हणाले, "चढ वाढवला की तो घाट न्हाय बाई. घसरगुंडी हाय."

कधी एखादा बोगदा करून, रंगवून, वाळवून झाल्यावर त्यांना शंका यायची. मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते घाटात जायचे. माणसं मुंबईला जातात, मालक कर्जतला उतरायचे, फलाटावर वडा खायचे आणि परतीची गाडी धरायचे. घरी येऊन बघितलं आणि बोगद्याचं तोंड करंगळीएवढं जरी चुकलेलं निघालं, तरी हातोडी घ्यायचे. अक्का स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकून म्हणायच्या, "साकु, साकु." पुरे आता.

डोंगर चादरींचे होते. विणताना चुकलेला, डाग पडलेला माल दुकानात साठायचा. त्या चादरी प्लास्टरच्या पाण्यात बुडवून ते जाळीवर पसरायचे. सोलापुरी चादर जाड, तिला घड्या पडतात त्या थेट कड्यासारख्या. वाळल्यावर दगडासारखी टणक व्हायची. रंग देईपर्यंत मात्र डोंगरावर मोर दिसायचे, वेलबुट्टी दिसायची. एका टेकडीवर तर 'सुस्वागतम्' असं लिहिलेलं होतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. त्या डोंगरांमुळेच आमचा खरा परिचय झाला. पहिल्या निम्म्या घाटाला त्यांनी हिरवा रंग फासला होता, मिठाईच्या दुकानातल्या बर्फीसारखा. मी म्हटलं, दगड असा नसतो, गवतही असं नसतं. कुठला महिना आहे तुमच्या घाटात? त्यांनी पाणसळ खिशात ठेवली. इतकी वर्षं त्यांनी प्रत्येक बोगदा मोजला होता, पण महिना ठरवलेला नव्हता. आठ दिवस गेले. मग एका सकाळी माझ्या दारात येऊन म्हणाले, "दिवाळी झाल्यावरचा. गवत पिवळं, ओढ्यात थोडं पाणी, हवा स्वच्छ." त्या दिवसापासून शेडचं दार मला उघडं झालं.

घाटच का, हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही रूळ पुसता पुसता. त्यांचे वडील अबोल. घरात बोलायचे ते फक्त मागाबद्दल आणि सुताबद्दल. लहानपणी एकदा चादरींचे गठ्ठे घेऊन ते मुलाला मुंबईला घेऊन निघाले. पुण्यापर्यंत अक्षर बोलले नाहीत. घाट लागल्यावर मात्र त्यांनी पोराला उचलून खिडकीशी उभं केलं आणि कर्जत येईपर्यंत बोलत राहिले. हा पूल बघ, आता बोगदा येईल, तो बघ खाली ओढा. "बाप माझ्याशी येवढं बोलला ते घाटातच," मालक म्हणाले. "पुढं मुंबईत गप्पच होता." आणि फडकं पिळून पुन्हा रूळ पुसायला लागले.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीला होटगी रोडवर माझी स्कूटर वाळूवरून घसरली. उजव्या मनगटाचे तुकडे झाले. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर चढलं. मालक बघायला आले, प्लास्टरवर टिचकी मारून म्हणाले, "आमच्या डोंगराला लावतो तेच की हे." मी हसले. त्यानंतर कितीतरी दिवस हसले नाही. प्लास्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झालेली होती. खडू हातात धरला तर फळ्यावर रेघ कापायची. फिजिओथेरपीत मऊ चेंडू दाबायला द्यायचे, वाटीतले राजमे एकेक उचलायला लावायचे. महिनाभर केलं, फरक दिसेना, मग मी जायचंच बंद केलं. शाळेने समजूतदारपणे मला ग्रंथालयात बसवलं. चित्रकलेचे तास दुसऱ्यांकडे गेले. मुख्याध्यापक म्हणाले, वर्षभर बघू. म्हणजे वर्षानंतर काय ते मला समजलं होतं.

मी शेडमध्ये जाणं सोडलं. शाळेतून आले की दार लावून घ्यायचे. अक्का रोज जिन्याखालून विचारायच्या, "ऊटा आतेन?" जेवण झालं का? मी हो म्हणायचे. बहुतेक वेळा ते खोटं असायचं.

एके दिवशी मालकांनी दार वाजवलं. हातात तांब्याच्या तारेचं भेंडोळं होतं, जुन्या मागांच्या जळालेल्या मोटरींमधलं, आणि वाळलेल्या घोसाळ्यांची पिशवी. म्हणाले, झाडं पाहिजेत. लई पाहिजेत. बाजारात मिळतात ती परदेशी, सूचीपर्णी, घाटात तसलं झाड औषधाला सापडणार नाही. मी माझा हात पुढे केला. त्यांनी त्याकडे बघितलंसुद्धा नाही. तारांचा जुडगा घ्यायचा, खालून पिळायचा, वर आल्यावर फांद्या सोडवायच्या, फांदीवर घोसाळ्याच्या जाळीचे बारीक तुकडे चिकटवायचे, एवढं सांगून ते निघून गेले.

पहिलं झाड करायला मला अख्खा रविवार लागला. दोन बोटांत तार धरायची तर ती सुटायची, पिळायला गेलं तर मनगटातून कळ यायची. संध्याकाळी ते घेऊन मी शेडमध्ये गेले. मालकांनी चष्मा खाली ओढून बघितलं. "हे झाड न्हाय बाई," ते म्हणाले. "हा झाडू हाय."

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आजारी माणसाशी सगळे गोड बोलत होते, आणि हा माणूस माझ्या झाडाला झाडू म्हणत होता. वर जाऊन मी दुसरं करायला घेतलं. तेही त्यांनी परत केलं, फांद्या एकाच उंचीवर फुटल्यात म्हणून. तिसऱ्याला खोड नव्हतं. कितव्या झाडाला होकार मिळाला ते आता आठवत नाही, पण त्या दिवशी त्यांनी ते झाड दोन बोटांत धरून कड्यावर नेलं, भोक पाडलं आणि माझ्या हाताने लावायला लावलं.

मंकी हिल या घाटातल्या थांब्याच्या पुढचा तो उंच कडा होता, टेबलाच्या अगदी कडेला, छातीच्या उंचीवर. त्याला अजून रंग दिलेला नव्हता. दिवाळी गेली, संक्रांत गेली, मी झाडं करत राहिले. ऐन, जांभूळ, करंज, पानगळ झालेला पांगारा. कडा भरत चालला. मधेच कधीतरी माझ्या ध्यानात आलं की मी खोलीची किल्ली उजव्या हाताने फिरवतेय. मी थबकून हाताकडे बघत उभी राहिले आणि मग शेंबूड येईपर्यंत रडले. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपी पुन्हा सुरू केली. तिथल्या ताईंनी विचारलं, मधल्या काळात काय करत होतात? मी म्हटलं, झाडं.

उन्हाळा लागायच्या आधी मालक म्हणाले, उद्या घाटात जाऊ. अक्काही निघाल्या. एरवी त्या कधी जात नसत, त्या वेळी मात्र आदल्या संध्याकाळीच कडक भाकऱ्या, दही आणि शेंगाचटणी बांधून तयार. सकाळची गाडी. मोहोळ यायच्या आत मालक झोपले ते लोणावळ्याला जागे झाले. मी चेष्टा केली तर म्हणाले, सपाटीवर काय बघायचं असतं?

जागेपणी मी घाट पहिल्यांदा बघत होते, आणि तो मला ओळखीचा होता. पुढे कुठलं वळण येणार, पूल कुठल्या बाजूला झुकणार, सगळं माहीत होतं. या वळणावरची धूळ मी कितीदा फुंकली होती. मी अक्कांना आधीच सांगत होते, आता बोगदा, आता ओढा. मालक समोर बसून मोसंबं सोलत होते. खिडकीकडे त्यांची पाठ होती. ते माझ्याकडे बघत होते.

मंकी हिल मागे पडली. बोगदा संपला आणि कडा समोर आला.

काळा, उघडा, सरळ खाली उतरलेला कातळ. पाण्याच्या ओघळांचे पांढुरके पट्टे, कपारींत पिवळं गवत. बस.

"मालक, कड्यावर झाडं नाहीत."

"न्हाईत की."

"एकही नाही."

"व्हय," ते म्हणाले आणि मोसंब्याची फोड माझ्यापुढे धरली. तेवढ्यात पुढचा बोगदा आला.

उजेडात आलो तेव्हा अक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणे, बाईंना एकदा गाडीत बसवलं की तुमचं पितळ उघडं पडणार. मला हसू आलं नाही. कर्जतला मी वडा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. रडणाऱ्या पोराच्या हातात चिखलाचा गोळा द्यावा, तशी माझी समजूत काढली होती. इतके महिने मी जे केलं ते या माणसाच्या लेखी चुकीचं होतं, आणि ज्याला करंगळीएवढी चूक सोसत नव्हती त्याने ते रोज बघितलं होतं. परतीच्या वाटेवर मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. घाट चढताना मालकांनी मला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडमध्ये बोलावलं. कड्याच्या पायथ्याशी, टेबलाच्या आतल्या बाजूला खोल दरी होती. तिच्यावर पहिल्यापासून एक चादर अंथरलेली असायची. काम राहिलंय, धूळ बसू नये म्हणून झाकलंय, असं मी समजत होते. मालकांनी ती ओढून काढली. खाली दरी पूर्ण झालेली होती. तिच्या उतारावर, तळाशी, ओढ्याच्या दोन्ही अंगांना बारीक बारीक भोकं पाडलेली होती.

"जंगल दरीत हाय," ते म्हणाले. "पण दरीत झाड लावायचं तर ओणवं होऊन, आत खांद्यापर्यंत हात घालून लावावं लागतंय. तवा तुमचा हात पोचला नसता. कडा समोर होता, म्हणून तितं लावली. दर झाडामागं हितं एक भोक पाडून ठेवलं. आता उतरवा खाली."

मी भोकांकडे बघत राहिले. शेवटी विचारलं, "आणि कडा?"

"तो रंगवायचा राहिलाय. दगडाचा रंग मला जमत न्हाय, ते तुमीच सांगितलं. म्हणून थांबलोय."

मी विचारलं, "मालक, माझा हात बरा झालाच नसता तर?"

त्यांनी खिशातून पाणसळ काढली, उगीच फळीवर ठेवली, बुडबुड्याकडे बघितलं.

"मग ऱ्हायली असती झाडं कड्यावर," ते म्हणाले. "चाललं असतं."

चालतंय की, हे सोलापुरात उठता-बसता कानावर पडतं. मालकांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं, आणि पुढेही परत ऐकलं नाही.

झाडं उतरवायला मला आठवडा लागला. ओणवं होऊन, खांद्यापर्यंत हात घालून. मग कडा रंगवायला घेतला. मालक शेडमध्ये कुणाला एकटं सोडत नसत, मला ब्रश भिजवताना बघितलं आणि दार ओढून दुकानात निघून गेले. पत्र्याखाली ऊन तापायच्या आत, सकाळी सकाळी मी काम करायचे. काळ्यात थोडा जांभळा, थोडा विटकरी, ओघळांना राखाडी. हात सुरुवातीला कापायचा, आणि खरं सांगायचं तर तो अजूनही कधीकधी कापतो. पण कातळाला सरळ रेघ लागत नाही. जूनमध्ये शाळेने चित्रकलेचे तास मला परत दिले.

मालक आता नाहीत. ते गेल्यावर पुण्याहून मुलगा आला, शेडचं काय करायचं म्हणून त्याने आईला विचारलं. अक्का म्हणाल्या, राहू दे. आयुष्यभर साकु साकु म्हणणाऱ्या अक्का आता संध्याकाळी बटण दाबून गाडी सोडतात आणि ती बोगद्यातून बाहेर येईपर्यंत उभ्या राहतात. मी रविवारी रूळ पुसायला जाते. मला शिकवणारे, सांभाळणारे पुष्कळ भेटले, त्यांचे आभार मी वेळोवेळी मानले. मालकांचे मानायचे राहिले. कारण मी तो विषय काढला की ते चढाबद्दल बोलायला लागायचे.

कडा पुरा झाला ती संध्याकाळ मला नीट आठवते. ते दुकानातून आले, चपला काढून कड्यासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग दाराशी जाऊन स्वयंपाकघराकडे तोंड करून त्यांनी अक्कांना हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांनी शेडमधला घाट बघायला अक्कांना कधी बोलावलं नव्हतं.

"बा, नोडु," ते म्हणाले. ये, बघ.

अक्का पिठाच्या हातांनी आल्या. मालकांनी त्यांना दंडाला धरून कड्यासमोर उभं केलं आणि बोलायला लागले, कन्नडमध्ये, थांबता थांबेनात. मला शब्द कळत नव्हते. हात कुठे दाखवतोय तेवढं कळत होतं. हा पूल, आता बोगदा, तो खाली ओढा.